ओघळलेले स्तन आणि बिनशस्त्रक्रियेचे उपचार: नेमकं काय उचललं जातं आणि किती?

मोजपट्टी

या विषयावरचे प्रश्न अधूनमधून येत राहतात आणि चर्चा दरवेळी 'अमुक मशीन चांगलं की तमुक' इथे येऊन अडकते. मशीनच्या आधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: ओघळ किती आहे आणि कशामुळे आहे. त्याशिवाय दिलेला सल्ला म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

स्तनात स्नायू नसतो. आत दुधाच्या ग्रंथी आणि चरबी असते. त्यांच्या मधून, त्वचेपासून छातीच्या स्नायूवरच्या आवरणापर्यंत, तंतुमय बंध जातात. त्यांना कूपरचे बंध म्हणतात. या सगळ्यावर त्वचेची पिशवी. आतला ऐवज कमी झाला आणि पिशवी तेवढीच राहिली, किंवा ऐवज जड झाला आणि पिशवी व बंध ताणले गेले, की स्तन खाली येतो. दोन्ही प्रकार दिसायला सारखे, पण उपाय वेगळे.

पायरी ठरवण्यासाठी आजही प्लास्टिक सर्जन रेन्यो यांची १९७६ सालची वर्गवारी वापरतात. ती स्तनाग्र आणि स्तनाखालची घडी यांच्या उंचीवर बसते. स्तनाग्र घडीच्या पातळीवर आलं तर पहिली पायरी. घडीच्या खाली गेलं पण स्तनाच्या सर्वांत खालच्या भागाच्या वर असलं तर दुसरी. सर्वांत खाली जाऊन जमिनीकडे बघत असलं तर तिसरी. चौथा प्रकार फसवा असतो: स्तनाग्र घडीच्या वरच राहतं, पण खालचा अर्धा भाग घडीखाली लोंबतो.

घरी मोजायचं तर ब्रा काढून पाच-दहा मिनिटं थांबा. सरळ उभं राहा, खांदे सैल, हात बाजूला. पातळ पट्टी घडीत आडवी धरा आणि बाजूच्या आरशात बघा, स्तनाग्र पट्टीच्या वर आहे की खाली. मग टेपने गळ्याखालच्या खळग्यापासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर घ्या, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. डाव्या-उजव्यात थोडा फरक असणं अगदी सामान्य. मोजमाप पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांच्या सुमारास घ्यावं, कारण पाळीच्या आधी स्तन सुजतात आणि आकडा बदलतो. तीनदा मोजून सरासरी काढली तरी अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे होतोच. हा अर्धा सेंटीमीटर पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवा.

काळी_कॉफी

पाहिजेच होता हा धागा. एक भर: मोजायच्या आधी धोक्याच्या खुणा बघा. एकाच बाजूचा आकार अलीकडे बदलला, स्तनाग्र नव्याने आत ओढलं गेलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, गाठ लागते, काखेत गाठ आहे, स्तनाग्रातून रक्ताळ स्राव येतो, यांपैकी काहीही असेल तर सौंदर्योपचाराचा विषय बंद. आधी स्तनांची तपासणी, मग बाकीचं. आणि मॅमोग्राफीच्या वयात असाल तर ती उपचाराच्या आधी करून घ्या, नंतर नव्हे. कारण खाली कुणीतरी लिहीलच.

त्वचाविद

मी लिहितो. स्तन ओढून धरायचे धागे, फिलर (भरावाचं जेल), चरबी, जे काही स्तनात टोचलं जातं ते पुढच्या चित्रांत दिसू शकतं. कधी गाठीसारखं, कधी कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखं. उपचाराआधीची स्वच्छ मॅमोग्राफी हाताशी असेल तर रेडिओलॉजिस्टला तुलना करता येते. नसेल तर विनाकारण बायोप्सीची वेळ येऊ शकते.

आता यंत्रं. कातडी आवळण्याच्या यंत्रांचं तत्त्व एकच: कोलॅजनला, म्हणजे कातडीला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाला, ठरावीक उष्णता द्यायची. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला कोलॅजनचे धागे लगेच आखडतात आणि त्या बारीक भाजण्याला उत्तर म्हणून शरीर पुढचे दोन-तीन महिने नवं कोलॅजन घालतं. फरक एवढाच की ही उष्णता कुठल्या थरात आणि कशी पोचवायची.

रेडिओफ्रिक्वेन्सीत विद्युतप्रवाहाला ऊतींचा जो रोध होतो त्यातून उष्णता निर्माण होते. सुई नसलेल्या प्रकारात त्वचेच्या पृष्ठभागाचं तापमान ४० ते ४२ अंशांवर आणून काही मिनिटं तिथेच टिकवतात. इथे ६० अंश गाठायचे नसतात, कमी उष्णता जास्त वेळ द्यायची असते. म्हणून एका बैठकीत काम होत नाही. आठवडा-दोन आठवड्यांच्या अंतराने चार ते सहा बैठका लागतात. हँडपीस, म्हणजे यंत्राचा कातडीवर टेकणारा भाग, सतत फिरता हवा. तो एका जागी थांबला की भाजलंच. जेल आटत आलं की पुन्हा लावायचं. एकध्रुवी यंत्र असेल तर परतीच्या प्रवाहाची पट्टी पाठीला किंवा मांडीला पूर्ण चिकटलेली हवी. तिची एक कड सुटली तर सगळा प्रवाह उरलेल्या भागातून जातो आणि भाजतं ते पट्टीखाली, जिथे कुणाचं लक्ष नसतं.

स्तनाग्र आणि भोवतालचं गडद वर्तुळ वगळायचं. स्तनाग्रात कडी असेल तर काढायची. पेसमेकर असेल तर हा उपचार नाही.

आणि भूल. 'दुखू नये म्हणून भरपूर क्रीम लावू' असं कुणी म्हटलं तर सावध व्हा. इथे रुग्णाचं 'आता चटका बसतोय' हे सांगणं हाच सर्वांत भरवशाचा तापमापक असतो. तो बंद करून यंत्र चालवणं म्हणजे डोळे बांधून गाडी हाकणं.

रेघोटी

@त्वचाविद, सुयांच्या रेडिओफ्रिक्वेन्सीबद्दल?

त्वचाविद

सुया कातडीत शिरतात आणि त्यांच्या टोकाशी उष्णता सोडली जाते. वरची कातडी तुलनेने वाचते, त्यामुळे गडद रंगाच्या त्वचेत डाग पडण्याचा धोका लेझरपेक्षा कमी. छातीच्या वरच्या भागातल्या बारीक सुरकुत्यांवर उपयोग होतो. स्तन उचलला जाईल ही अपेक्षा ठेवू नये. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्रांबद्दल इशारा दिला, त्यात भाजणं, व्रण, चरबी नाहीशी होणं आणि मज्जातंतूंना इजा हे सगळं आलं. चरबी जाणं ही गोष्ट स्तनासाठी विशेष महत्त्वाची. ज्यांचा ओघळ मुळात ऐवज कमी झाल्याने आहे, त्यांची उरलीसुरली चरबी जाळून काय साधणार?

मोजपट्टी

हाच मुद्दा हायफूलाही लागू पडतो. हायफू म्हणजे अल्ट्रासाउंडचा झोत एका बिंदूवर गोळा करून तिथे साधारण एक घन मिलिमीटरचा ठिपका भाजायचा. वरची कातडी तशीच. कार्ट्रिज खोलीनुसार येतात: १.५, ३ आणि ४.५ मिलिमीटर. शरीरावरची चरबी घटवण्यासाठी १३ मिलिमीटरचेही असतात आणि तेच कार्ट्रिज 'खोलवर लिफ्ट' म्हणून स्तनावर चालवल्याच्या जाहिराती दिसतात. रिकाम्या झालेल्या स्तनावर ते चालवणं म्हणजे ओघळ वाढवण्याची सोय. कार्ट्रिजवरचा आकडा स्वतः वाचा, विचारायला लाजू नका.

चिमटा

मंजुरीचंही लिहा कुणीतरी. 'मान्यताप्राप्त मशीन' एवढं वाक्य पुरेसं नसतं. मान्यता शरीराच्या कुठल्या भागासाठी, ते विचारायचं.

त्वचाविद

बरोबर. पडद्यावर थर दाखवणारं जे मूळ अल्ट्रासाउंड यंत्र आहे, त्याला अमेरिकेत २००९ साली भुवया उचलण्यासाठी, २०१२ मध्ये मान आणि हनुवटीखालच्या भागासाठी आणि २०१४ मध्ये छातीच्या वरच्या उघड्या भागातल्या सुरकुत्यांसाठी परवानगी मिळाली. स्तन उचलण्यासाठी नाही. छातीवरच्या सुरकुत्यांची परवानगी 'स्तनांसाठी मंजूर' म्हणून खपवली जाते, दोन्ही जागा शेजारीशेजारी असल्याने फसायला होतं.

बिघडतं कुठे? सर्वांत जास्त वेळा जेलच्या थरात. हँडपीस आणि कातडी यांच्यात हवेचा फुगा राहिला की झोत आत जात नाही, ऊर्जा वरच अडते आणि कातडीवर रेघांसारखे लाल वळ उठतात. स्तनाचा पृष्ठभाग गोल, हँडपीस सपाट, त्यामुळे इथे हे चेहऱ्यापेक्षा सहज होतं. पडद्यावर चित्र दिसणाऱ्या यंत्रात ही चूक काळी पट्टी होऊन दिसते. चित्र नसलेल्या यंत्रात वळ उठल्यावरच कळते. दुसरी चूक उरोस्थीवर ४.५ मिलिमीटर वापरण्याची. तिथे कातडीखाली लगेच हाड, त्यामुळे दुखतंही आणि फायदा शून्य.

नंतरची सूज, दुखरेपणा, थोडी बधिरता काही आठवड्यांत जाते. इम्प्लांट, धागे किंवा फिलर असलेल्या जागेवर हा झोत मारू नये.

रेघोटी

मग फरक किती पडतो, आकड्यात सांगाल का?

मोजपट्टी

कातडी बरी असेल, स्तन लहान ते मध्यम असेल आणि ओघळ पहिल्या पायरीचा असेल तर मिलिमीटरांत, नशीब जोरावर असेल तर एखाद्या सेंटीमीटरच्या आसपास. मोजमापातली चूक अर्ध्या सेंटीमीटरची, हे वर लिहिलंच आहे. म्हणजे फायद्याचा बराचसा भाग चुकीच्या पट्ट्यातच बसतो. शस्त्रक्रियेत स्तनाग्र कित्येक सेंटीमीटर वर नेलं जातं. तुलना होऊ शकत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीला यंत्र सुचवणाऱ्या माणसाशी वाद घालत बसू नका, निघून या.

आणखी एक. फोटो. हात डोक्यावर नेले की स्तन आपोआप वर जातो. खांदे मागे घेतले की जातो. कॅमेरा खाली धरला की जातो. श्वास भरून धरला की जातो. 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोत कॉलरबोनचा कोन आणि बेंबीची जागा बघा, बहुतेक जादू तिथेच उलगडते. स्वतःचे फोटो काढताना कॅमेरा स्तनाग्राच्या उंचीवर, अंतर तेच, प्रकाश तोच, हात बाजूला, पाळीच्या चक्रातले दिवस तेच. मोबाइल फार जवळ धरून काढू नका, मधला भाग फुगून येतो.

स्वच्छंदी

थ्रेड लिफ्टची फार चर्चा आहे. पीडीओचे म्हणजे शरीरात विरघळणारे काटेरी धागे, भूल फक्त जागेपुरती, तासाभरात घरी. यात वजन उचललं जातं ना खरोखर?

चिमटा

उचललं जातं, टिकत नाही. चेहऱ्यावर धाग्याला काही ग्रॅम ऊती धरायच्या असतात. मध्यम आकाराच्या एका स्तनाचं वजन काहीशे ग्रॅम असतं आणि ते प्रत्येक पावलागणिक हलतं. काटेरी धागा चरबीत रुततो, आणि चरबी मऊ. भार पडला की काटे चरबी कापत खाली सरकतात. धागा तुटत नाही, पकड सुटते. वरचं टोक कॉलरबोनखालच्या घट्ट आवरणात अडकवतात, तिथे हात वर केला की ताण येतो.

पीडीओ साधारण सहा-आठ महिन्यांत विरघळतो. पॉलिलॅक्टिक आम्ल किंवा कॅप्रोलॅक्टोनचे धागे जास्त टिकतात, पण पकड सुटण्याचा प्रश्न धाग्याच्या आयुष्याचा नाहीच, त्यामुळे महागडा धागा घेऊन तो सुटत नाही. धाग्याभोवती तंतुमय ऊती तयार होऊन आधार देतात असं सांगतात. होतात, पण काहीशे ग्रॅम पेलण्याइतक्या नव्हे.

काय बिघडतं: कातडीवर खळगे आणि चुण्या, दोन बाजूंना वेगळी ओढ, धाग्याचं टोक कातडीतून वर येणं, जंतुसंसर्ग. धागा खोल गेला तर फुप्फुसाच्या आवरणाला इजा, क्वचित पण गंभीर. टोचल्यानंतर धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली तर क्लिनिकला फोन करत बसू नका, थेट इस्पितळात जा.

तरीही करायचंच असेल तर लहान स्तन, पहिली पायरी, नंतर तीन-चार आठवडे हात खांद्याच्या वर नेऊन वजन उचलणं बंद आणि आधाराची ब्रा दिवसरात्र. पुढे कधी शस्त्रक्रिया केली तर सर्जनला धाग्यांबद्दल सांगायचं.

काळी_कॉफी

इंजेक्शनांचं एकत्र लिहिते.

बोटॉक्स: कल्पना अशी की छातीचे पुढचे स्नायू सैल केले की पाठीचे स्नायू खांदे मागे ओढतील आणि छाती वर दिसेल. उचलला जातो तो खांदा, स्तन नव्हे. परिणाम तीन-चार महिने. पुरावा अगदी तोकडा, आणि सुई फुप्फुसाच्या जवळ. पाठीचा व्यायाम हेच काम सुईशिवाय करतो.

पीआरपी: स्वतःचं रक्त काढून यंत्रात फिरवायचं, प्लेटलेट्सचा भाग टोचायचा. कातडीचा पोत थोडा सुधारू शकतो. उचल नाही. दुसऱ्या दिवशीचा भरीवपणा हा टोचलेल्या द्रवाचा असतो, तो काही दिवसांत शोषला जातो. म्हणूनच 'नंतर'चे फोटो दुसऱ्या दिवशीचे असतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा प्लेटलेट्स कमी असतील तर नको.

फिलर: इथे अजिबात मवाळ बोलणार नाही. स्तनासाठी हायलुरॉनिक आम्लाचं एक जाड जेल युरोपात काही वर्षं वापरात होतं. मॅमोग्राफीच्या चित्रांत अडथळा येत असल्याने २०१२ मध्ये कंपनीनेच स्तनांसाठीचा वापर मागे घेतला. पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचं जेल चीनने २००६ मध्ये बंद केलं, तेव्हापर्यंत असंख्य बायकांच्या स्तनांत ते पसरलं होतं आणि काढणं महाकठीण. द्रव सिलिकोन तर नावही घेऊ नका. 'आता नवं आलंय, सुरक्षित आहे' असं कुणी म्हणालं तर पदार्थाचं नाव लिहून मागा.

स्वतःची चरबी भरणं हा वेगळा विषय. लायपोसक्शन असल्याने ती शस्त्रक्रियाच, या चर्चेत बसत नाही.

स्वच्छंदी

पटलं. आणि क्रीम, तेलमालीश, व्हॅक्यूम पंप?

काळी_कॉफी

तेलमालिशीने कातडी मऊ होते. संपलं. पंपाने सूज येते, ती उतरते. जोर जास्त झाला तर फोड आणि काळेनिळे डाग. छातीच्या कातडीवर खरोखर काम करणारं जोडीचं औषध म्हणजे रोजचं सनस्क्रीन आणि रात्री ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. छातीची कातडी चेहऱ्यापेक्षा लवकर चिडते. गरोदरपणात ट्रेटिनॉइन बंद. यानेही सुरकुत्याच कमी होतात, ओघळ नाही.

रेघोटी

स्तनपानामुळे ओघळतात म्हणून बाळाचं अंगावरचं दूध लवकर तोडायचा सल्ला अजून दिला जातो. खरं काय?

मोजपट्टी

खोटं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वय, वजन, गरोदरपणांची संख्या, आधीपासूनचा मोठा कप आणि धूम्रपान यांचा संबंध दिसला. स्तनपानाचा स्वतंत्र संबंध दिसला नाही. बदल गरोदरपणातच होतो: ग्रंथी वाढतात, कातडी ताणली जाते आणि नंतर ग्रंथी आक्रसतात. पाजा किंवा न पाजा, हे होणारच. धूम्रपान मात्र कातडी लवचिक ठेवणारं इलॅस्टिन खातं, आणि या यादीत पूर्णपणे आपल्या हातातली गोष्ट तीच.

गरोदरपणात आणि पाजत असताना वरचा एकही उपचार करायचा नाही. पाजणं बंद केल्यावर निदान सहा महिने थांबा, स्तनाचा आकार तोवर बदलत असतो. वजन कमी करत असाल तर तेही आधी स्थिर होऊ द्या. आज आवळलेली कातडी पुढच्या दहा किलोंनंतर पुन्हा सैल होणार.

चिमटा

व्यायामाचं राहिलं. छातीचा स्नायू स्तनाच्या मागे असतो, त्याला धरून ठेवत नाही. तो भरला की वरच्या भागात थोडा भरीवपणा येतो, एवढंच. बाक ३० अंशांवर ठेवून डंबेल प्रेस, ८ ते १२ वेळा, तीन सेट, आठवड्यातून दोनदा. पण फक्त हाच व्यायाम केला तर खांदे पुढे ओढले जातात आणि स्तन आणखी खाली दिसतो. म्हणून पाठीसाठी रोइंग निदान तेवढंच, जमल्यास दुप्पट. आठ ते बारा आठवड्यांनी ठेवण बदलते. पहिल्या पायरीत हा बदल मशीनच्या बदलाइतकाच दिसतो, असं माझं मत.

रेघोटी

ब्रा घातल्याने बंध कमकुवत होतात म्हणे?

मोजपट्टी

ब्रा घातल्याने ओघळ थांबतो हेही सिद्ध नाही आणि वाढतो हेही नाही. ती घातली असेतो उचलते. पण तेवढ्यासाठी तरी माप बरोबर हवं. बहुतेकींचा छातीभोवतीचा पट्टा सैल आणि कप लहान असतो. आधार पट्ट्यातून यायला हवा, खांद्यावरून नव्हे. खांद्याच्या पट्ट्या पूर्ण खाली करून बघा, तरी स्तन बऱ्यापैकी जागेवर राहिला तर पट्टा बरोबर. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरावीत, मागून तो वर चढू नये. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकात बसली पाहिजे, म्हणजे सैल झाल्यावर आतले हुक उरतात. तार असेल तर ती फासळीवर टेकते का बघा, स्तनावर टेकली तर कप लहान. धावण्यासाठी नुसती दाबणारी ब्रा मोठ्या कपला पुरत नाही, दोन स्वतंत्र कप असलेली घ्या.

स्वच्छंदी

शेवटचा प्रश्न. हायफू झालंय आणि दुसऱ्या दिवशी रेघांसारखे लाल वळ आहेत. काय करायचं?

त्वचाविद

उपचारानंतरच्या पहिल्या काही तासांत लक्षात आलं तर गार ओला कपडा, बर्फ थेट नाही. आता दुसऱ्या दिवशी साधं पेट्रोलियम जेली, सैल सुती कपडे, ऊन बंद, घासणं आणि स्क्रब बंद. फोड असेल तर फोडू नका. आज त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. वळांवर काही दिवस सौम्य स्टिरॉइड मलम देतात, पण ते तज्ज्ञाने बघून, स्वतःच्या मनाने नाही. फोड, पांढरट चट्टा किंवा वाढती वेदना असेल तर ते खोल भाजणं समजायचं, मग थांबणं नाही. रोज एकाच प्रकाशात फोटो काढून ठेवा आणि क्लिनिककडून लिहून घ्या: यंत्राचं मॉडेल, कार्ट्रिजची खोली, प्रत्येक बाजूला किती रेघा मारल्या आणि ऊर्जा किती ठेवली होती. भाजणं किती खोलवर असू शकतं याचा अंदाज तज्ज्ञाला त्यावरून येतो. पुढची बैठक ठरली असेल तर रद्द करा.